कोऱ्या कानाचे कानसेन

बाईचा बुवा करून कानसेन मोकळे झाले, आणि तेही छापून.

एका मासिकातल्या आपल्या रेकॉर्ड-परीक्षणाच्या सदरात त्यांनी लिहिलं होतं, "या गायकाचा आवाज विहिरीच्या तळातून येतो. इतका जड, सावकाश, मर्दानी सूर आजच्या पोरासोरांच्या नरड्यातून सात जन्मांत निघायचा नाही." आता तो गायक म्हणजे होती एक किनऱ्या आवाजाची बाई. चाळीस वर्षांपूर्वीचा अल्बम नव्यानं निघाला होता. रेकॉर्ड मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांवर वाजवायची होती, कानसेनांनी ती नेहमीच्या तेहतीसवर लावली. रेकॉर्ड हळू फिरली की आवाज जाडा होतो, ड्रम चिखलात पडल्यासारखे वाजतात आणि सहा मिनिटांचं गाणं आठ मिनिटं चालतं. वरच्या दोन मिनिटांना कानसेनांनी 'काळाला दिलेलं आव्हान' म्हटलं होतं.

कानसेन हे नाव बायकोच्या भावानं चेष्टेनं ठेवलेलं. यांना तो बहुमान वाटला. दिवसा ते नळ, बेसिन आणि कमोड विकणाऱ्या दुकानाचं गोदाम सांभाळत. मालक ओरडला की मान खाली. संध्याकाळी मात्र घरातल्या एकुलत्या गुबगुबीत खुर्चीत बसले की जगातल्या तमाम बँडांची सालटी काढायला मोकळे. त्यांचा प्रांत प्रोग्रेसिव्ह आणि प्रायोगिक रॉक. म्हणजे वीस वीस मिनिटांची गाणी, दर मिनिटाला बदलणारा ताल, आणि आपल्याला कळतंय असा चेहरा करून बसलेले ऐकणारे. एका नव्या बँडबद्दल त्यांनी लिहिलं होतं, "बास वाजवणाऱ्याला घाई आहे. बहुधा घरी गॅसवर दूध ठेवून आलाय." त्या बँडनं पुन्हा काही काढलं नाही. कानसेन हे अभिमानानं सांगत.

त्यांचं एक व्रत होतं. कव्हर वाचायचं नाही. कोण गातंय, कधीचं आहे, काही माहीत करून घ्यायचं नाही. याला ते 'कोरा कान' म्हणत. पाकीट फोडायचं काम बायकोचं. तिनं रेकॉर्ड काढून हातात द्यायची आणि कव्हर उलटं करून कपाटावर ठेवायचं.

त्या दिवशीही तिनं तसंच केलं. मग दारात उभी राहून ऐकत म्हणाली, "अहो, हा माणूस आजारी आहे का?"

"कलेतलं तुला काय कळतंय?"

"झोपेची गोळी घेऊन गातोय जसा. आणि कव्हरवर पिवळं काहीतरी चिकटवलंय, त्यावर लिहिलंय की…"

"वाचू नकोस! कान बाटेल माझा."

पिवळ्या चिकटपट्टीवर ठळक आकड्यात पंचेचाळीस लिहिलेलं होतं. कान बाटला नाही. अब्रू गेली.

अंक बाहेर पडला आणि संपादकांचा फोन आला. "अरे बाबा, ती बाई आहे! आता आजी झालीये, पण बाईच आहे, पहिल्यापासून! फोन आला होता तिचा."

"चिडल्यात?"

"हसत होती. ते जास्त वाईट. जाऊन भेट तिला. ती म्हणाली ठीक, तर ठीक. नाहीतर सदर बंद. ते पान गाद्यांच्या जाहिरातीला मागतायत लोक."

सदर गेलं असतं, तर कानसेनांजवळ उरलं काय असतं? कमोड. ते दुसऱ्याच दिवशी अर्धी रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून बाईंच्या दारात उभे राहिले.

बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्हीच का ते? लिहिण्यावरून वाटलं होतं, अंगानं तरी थोडे मोठे असाल."

"माफी मागायला आलोय, ताई."

"माफी ठेवा खिशात. बसा. आता बरोबर वेगानं ऐका आणि काय वाटतं ते माझ्या तोंडावर सांगा. तेवढं केलंत की मी फोन करते तुमच्या संपादकांना."

रेकॉर्ड फिरली. कानसेन डोळे मिटून बसले. पहिल्या मिनिटातच त्यांच्या लक्षात आलं, की हे भिकार आहे. ड्रमवाला सगळ्यांच्या पुढे पळत होता, कीबोर्डवाला त्याला हाका मारत होता, आणि बाईंचा आवाज उकळत्या किटलीच्या शिट्टीसारखा मध्ये घुसत होता. डोक्यात वाक्य आपोआप तयार झालं: 'पाच जण पाच वेगवेगळ्या गाड्या पकडायला निघाले आहेत.' काय वाक्य होतं! त्यांनी डोळे उघडले. समोर बाई हनुवटीला हात लावून त्यांच्याकडे बघत होत्या.

"छान आहे," कानसेन म्हणाले.

"छान?"

"म्हणजे… फारच छान."

"दोन दोन पानं लिहिणारा माणूस, आणि तोंडातून एवढंच? आमचा ड्रमवाला पळत सुटायचा, ते ऐकू नाही आलं?"

"आलं. म्हणजे, तसं जाणवण्याइतकं काही…"

"ते दुधाचं वाचलं होतं मी. पोटभर हसले होते. मला वाटलं, चला, एक तरी खरं बोलणारा सापडला. तुम्ही तर कागदाआड लपून दगड मारणारे निघालात."

कानसेनांनी मान खाली घातली. गोदामाची सवय कामी आली. बाईंनी त्यांच्यादेखतच फोन लावला. "राहू द्या हो त्याचं सदर. अगदीच निरुपद्रवी आहे." मग दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "पण माझं परीक्षण बाकी राहिलं तुमच्याकडे. बरोबर वेगाचं. छापू नका, साध्या कागदावर पाठवा. वाईट असलं तरी चालेल. खोटं नको."

"नक्की, ताई."

पुढच्या अंकात बारीक अक्षरात चार ओळींचा खुलासा आला: 'तांत्रिक कारणाने'. त्याच्याच वर कानसेनांनी तीन नवे बँड सोलून टांगले होते. पाच गाड्यांचं वाक्य वाया घालवायला ते काही वेडे नव्हते. ते त्यांनी त्यातल्या दुसऱ्या बँडच्या गळ्यात बांधलं. त्या बिचाऱ्यांचा ड्रमवाला अगदी सरळ वाजवत होता.

"अहो, त्या बाईंचं लिहून पाठवायचं राहिलंय," बायको अधूनमधून आठवण करते.

"माहितीये," कानसेन म्हणतात, आणि पुढची रेकॉर्ड लावतात.