लख्ख धुतलेल्या तीन माश्या

आयुष्यात मी एकच विद्या मन लावून शिकलो, भांडी घासायची. आणि त्याच विद्येने मी शेजारच्या केनच्या वारलेल्या बायकोच्या माश्या बुडवल्या.

माश्या म्हणजे खऱ्या नव्हेत हो! बारीकशा गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेल्या. ट्राउट मासा पकडायला इकडचे शौकीन लोक गांडूळबिंडूळ लावत नाहीत. ही खोटी माशी नदीवर अलगद टाकायची, ती तरंगत जाते, माशाला वाटतं खरीच बसलीय, आणि तो फसतो. (त्याला फसवायची कला शिकायला म्हणे वर्षं जातात. मला कुठलाही सेल्समन पाच मिनिटांत फसवतो.)

केन साउथहॅम्प्टनच्या गोदीत क्रेन चालवायचा, आता रिटायर, वय सत्त्याहत्तर. त्याची मॉरीन या माश्या स्वतःच्या हाताने बांधायची. ती गेल्यापासून दरवर्षी मे महिन्यात, तिच्या वाढदिवसाला, केन नदीवर जातो, तिच्या माशीवर एकच ट्राउट पकडतो, मॉरीनला हॅपी बर्थडे म्हणतो आणि मासा सोडून देतो. यंदा माश्या उरल्या होत्या तीन, आणि केनचा खांदा गेला होता कामातून.

"दिलीप, मला गाडीने नेशील?" तो म्हणाला. "बहुतेक ही शेवटचीच खेप. पुढच्या वर्षी हा हात वर जायचा नाही."

(केन बोलतो इंग्रजी. माझं इंग्रजी हॉस्पिटलच्या किचनमधलं, 'हॉट!' आणि 'माइंड युवर बॅक!' एवढ्यापुरतं. म्हणून इथे सगळ्यांना मराठीत बोलू देतो.)

सकाळी घाईत विसरायला होतं म्हणून माश्यांचा डबा त्याने आदल्या दुपारीच माझ्याकडे दिला. मी उघडला. बारा खाने, नऊ रिकामे, उरलेल्या तिनांत तीन माश्या. बोट लावलं तर तुपकट! बाजूला एक चिमुकली बाटली, तिच्या तळाशी काहीतरी चिकट. मला कसंतरीच झालं. एकटा म्हातारा, बायको गेलेली, कोण घासणार हे?

अहो, मी करपलेल्या टोपांतून तोंड दिसेल असे घासणारा माणूस! लिंबाचा लिक्विड सोप घेतला, गरम पाणी, जुना टूथब्रश. माश्या घासल्या. परत घासल्या. हेअरड्रायरने फुलवल्या. बाटली आतून खळखळवून लख्ख! आणि दुसऱ्याचा डबा रिकामा परत द्यायचा नाही, ही तर आपली रीतच. म्हणून नऊ खान्यांत रंगीत बडीशेप भरली. इतका छान दिसला डबा, की मीच माझी पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी सुनीताही आली. सुनीता म्हणजे आमची बायको, हॉस्पिटलमध्ये नर्स. (व्हिसा तिचा. मी तिच्या सामानात आलो.) मॉरीनला तिच्या हातची पुरणपोळी फार आवडायची, म्हणून तिने पोळ्या आणि एका बाटलीत साजूक तूप घेतलं होतं.

नदीकाठी केनने डबा उघडला आणि त्याचा चेहरा पडला.

"हे काय आहे?"

"बडीशेप. जेवणावर खायची."

"दिलीप! या नदीवर आमिष चालत नाही! फक्त माशी! नदीच्या राखणदाराला वाटेल आपण माशांना चारतोय. माझं परमिट जाईल!"

आणि लांबून हिरवा कोट घातलेला राखणदार येतच होता! बडीशेप फेकावी तर पाण्यात पडणार. एकच जागा उरली. नऊ खाने बडीशेप मी उभ्याउभ्या तोंडात कोंबली. राखणदार "मॉर्निंग" म्हणाला, मी गाल फुगवून नुसती मान हलवली.

"तुमचे मित्र फार शांत आहेत," तो केनला म्हणाला.

"पहिल्यांदाच," सुनीता म्हणाली.

तो गेला. केनने पहिली माशी टाकली. पाण्याला टेकली आणि गडप! दगडच. पुन्हा टाकली, पुन्हा गडप, आणि तळाच्या शेवाळात अडकून दोरा तुटला. राहिल्या दोन. दुसरी लावली. तीही गडप!

केन गवतावर बसला. "मॉरीनची माशी कधीच बुडाली नाही," तो हळूच म्हणाला. "रागावली असणार. मी शेवटची खेप म्हटलं ना, म्हणून."

मी तोंडातली बडीशेप चावायचा थांबलो.

"अहो," सुनीता माझ्या कानाशी आली, "काल माझ्या हेअरड्रायरला लिंबाचा वास कसा काय येत होता?"

"मला काय माहीत?"

"माझ्याकडे बघून बोला."

तेवढ्यात केनने माशी नाकाशी नेली. "लिंबू?"

मग काय! सगळं सांगितलं. टूथब्रशसकट.

"अरे, तुपकट असते म्हणूनच ती तरंगते!" केन ओरडला. "मुद्दाम लावतात ते! साबणाने धुतलंस तर बदकसुद्धा बुडेल! बाटलीत आहे अजून, तेच लावू."

"बाटली..." मी म्हणालो. "बाटली पण घासली."

केन रिकाम्या बाटलीकडे बघत बसला. सुनीता माझ्याकडे. असं कोणी बघितलं की मला काहीतरी करून दाखवायची घाई होते. म्हटलं, बुडालेली माशी तरी आणतो! त्या नदीचं पाणी इतकं नितळ की तळ हाताशी आल्यासारखा दिसतो. मी गुडघाभर समजून बूटपँटीसकट उतरलो. छातीभर निघालं! आणि थंड किती? मी एकदम वरच्या पट्टीत बोलायला लागलो.

"अहो, वर या! न्यूमोनिया झाला तर माझ्याच वॉर्डात याल!"

"माशी घेतल्याशिवाय येत नाही!"

शेवाळ चाचपलं, बुडी मारली, नाकात पाणी गेलं. माशी सापडली. म्हणजे तिनेच मला पकडलं. गळ स्वेटरच्या बाहीत रुतला होता. मी तीच बाही झेंड्यासारखी वर धरून बाहेर आलो. केनचे खांदे गदगदत होते. मला वाटलं, रडतोय. तर हसत होता! आपलं जुनं मेणाचं जाकीट त्याने माझ्या अंगावर टाकलं.

"हे जाकीट बघतोस? नवीन होतं तेव्हा मॉरीनने मशीनमध्ये धुतलं. सगळं मेण गेलं. तेव्हापासून पाऊस आत येतो. चाळीस वर्षं मी तिला त्यावरून बोललो." त्याने डोळे पुसले. "आज तिने तुझ्याकडून माश्या धुवून घेऊन त्याची परतफेड केली बघ."

जीव भांड्यात पडला माझा. पण माशी अजून बुडतच होती.

"केन, तुपकटच हवं ना?" सुनीताने पिशवीतून साजूक तुपाची बाटली काढली. गारठ्याने तूप रवाळ थिजलेलं.

केनने दोऱ्यावरची माशी नदीत खळखळून धुतली, रुमालात दाबून कोरडी केली, बोटाच्या टोकाने कणभर तूप चोळलं. उठला. दुखरा हात दातओठ खाऊन मागे नेला, सोडला. माशी पाण्यावर टेकली.

आणि बसली की हो! ताठ, पंख वर करून, ऐटीत निघाली. आम्ही तिघं श्वास रोखून. एक हात गेली. दोन हात. मी तर मनातल्या मनात सगळ्या टोपांची शपथ घेतली. आणि गुळुक!

"पकडला!" तिघंही ओरडलो. केनने मासा ओंजळीत पाण्याखालीच धरला. ठिपक्याठिपक्यांचा, देखणा. "हॅपी बर्थडे, मॉरीन," तो म्हणाला. मग गळ काढला आणि त्याला सोडलं. नंतर पोळ्या खाल्ल्या, तूप जरा जपून. उरलेलं पुढच्या वर्षासाठी म्हणून केनने बाटलीसकट ठेवून घेतलं. म्हणजे पुढच्या वर्षी पण!

तूप काढून घेऊन बाटली त्याने आठवड्याने परत दिली. आपली रीत त्याला कळली होती, बाटली रिकामी नव्हती. आत मॉरीनची एक माशी होती, तीच, मी बुडी मारून आणलेली. बाहेर इंग्रजीत चिठ्ठी चिकटवलेली: धुवू नये.

ती बाटली आता आमच्या सिंकसमोरच्या खिडकीत असते. आतून तुपकट, बाहेर बोटांचे ठसे. रोज भांडी घासताना ती माझ्याकडे बघते आणि माझे हात शिवशिवतात. परवा सहज उचलून बघितली, तर केनच्या चिठ्ठीखाली आणखी एक चिठ्ठी, मराठीत, सुनीताच्या अक्षरात:

"अहो, खाली ठेवा."