आधी पाणी, मग माणूस

मंडळी, अंगावरचा चिखल अजून धुतलेला नाही.

आम्ही बुडालेल्यांना शोधणारे पाणबुडे. आज बारामतीजवळ कालव्यात एक शेतकरी बुडाला. ट्रेनिंगचा पहिला धडा म्हणजे आधी कालव्याचं गेट बंद, मगच उतरायचं. सूट चढवून, सिलेंडर बांधून आम्ही काठावर उभे.

पण त्याचा चुलतभाऊ गेटवरच बसला. "आज माझी पाण्याची पाळी हाय, ऊस वाळतोय. मेलेला माणूस कुठं पळून जातोय व्हय?"

गेट उघडंच राहिलं.

दुपारी तोच धावत आला. "आता उतरा की! माझ्या शेताच्या चारीत पाणीच येईना."

गेट या वेळी त्यानंच बंद केलं. भाऊ त्याच्याच चारीच्या पाइपात अडकला होता. आम्ही त्याला बाहेर काढलं, तर हा चुलतभाऊ पाइप मोकळा झाला का ते वाकून बघतोय.

पाण्यात उतरायला सूट मिळालाय. असल्या माणसासमोर उभं राहायला काय घालायचं, सांगा.