छातीवरची टाकी

मुलीच्या चाळीसमोर ट्रक उभा करायचा आणि असा हॉर्न वाजवायचा, की अख्ख्या बोरिवलीने खिडकीत यावं, एवढीच माझी इच्छा होती. मुलगी बघायला चार वाजता बोलावलं होतं. पण माझा ट्रक जुना, ब्रेक तेलावरचे, त्यात भोंग्याला लागणारी दाबाची हवा कुठून असणार? म्हणून सकाळीच मुलुंडच्या गॅरेजात गाडी लावली. दुपारपर्यंत इंजिनाशेजारी कॉम्प्रेसर बसला, टपावर दोन लांबलचक भोंगे चढले. उरली फक्त हवेची टाकी.

"खाली शिर आणि टाकी धरून ठेव," मिस्त्री म्हणाला. "आणि ऐक, एकदा उचललेली टाकी परत जमिनीला लावायची नाही. अपशकुन होतो, गाडी रस्त्यात बसते."

टाकीसाठी चॅसीला भोक पाडताना त्याच्या ड्रिलचं बिट तुटलं. नवं आणायला तो सायकलवरून भांडुपला गेला. मी चॅसीखाली उताणा, टाकी मिठीत. ती खाली ठेवली तर माझी एकुलती एक गाडी बसणार. नाकावर तेलाचा थेंब पडायचा. मान वळवली की कानात पडायचा.

तासाभराने चाकाशेजारी पॉलिश केलेल्या चपला येऊन थांबल्या.

"ट्रकचे मालक कुठे भेटतील?"

"इथेच."

गृहस्थ वाकले. "मी मुलीचा बाप. तुमच्या घरी कळलं, गाडी इथे आहे. म्हटलं, आधी बघून यावी. जरा बाहेर या ना."

"येता येत नाही."

"अडकलात?"

"नाही. टाकी खाली ठेवायची नाही, असं मिस्त्रीने सांगितलंय."

त्यांनी मला डोक्यापासून खालपर्यंत न्याहाळलं. मोडलं लग्न, मी मनात म्हटलं.

"पाय दोन्ही ठीक आहेत ना? हलवून दाखवा."

मुलीला चालून दाखवायला सांगतात, ते ऐकून होतो. मी दोन्ही पाय आलटून पालटून हलवले.

त्यांनी शर्ट काढून आरशाला अडकवला आणि सरपटत माझ्या शेजारी आले. "वीस वर्षं मिलमध्ये फिटर होतो. आमच्याकडेही मशीनचे असले नियम होते," म्हणत त्यांनी टाकी छातीवर घेतली. मग निरखून बघितलं. "उलटी धरलीये तुम्ही. हवेतलं पाणी आत साठतं, ते काढायचा नळ खाली हवा."

जमिनीला न लावता त्यांनी ती फिरवली.

"आता निघा. आंघोळ करा. चारला उशीर नको."

"आणि तुम्ही?"

"मिस्त्री येईस्तोवर आहे मी."

बोरिवलीला मी रिक्षाने गेलो. पोहे पुढे आले. मुलीच्या आईने विचारलं, "हे कुठे राहिले?"

"माझ्या ट्रकखाली," मी म्हणालो.

मुलीने मान वर करून मला पहिल्यांदाच नीट बघितलं. आणि न विचारता आणखी पोहे वाढले.