वऱ्हाडासाठी खास पाणी

“सायेब, लगीन माझ्या पोरीचं हाय! विहिरीत औषध टाकलंत तर मीच उडी मारीन!”

पांडूदादा विहिरीच्या काठावरून असा ओरडला, की खाली कशेळ्याच्या बाजारात लोकांनी तराजू खाली ठेवले असावेत. मी आरोग्य सहाय्यक. हातात टीसीएलची बादली. टीसीएल म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर. जंतूंना मारते, वासानं माणसांना पळवते. वाडीत दोन पोरांना आधीच जुलाब लागले होते, आणि उद्या अख्खं वऱ्हाड इथंच पाणी पिणार होतं.

“मारा उडी,” मी म्हणालो. “निर्जंतुक होऊन वर याल.”

बाया खो खो हसल्या. दादा पुटपुटत बाजूला झाला. मी पावडर पाण्यात कालवली, वरची निवळ विहिरीत ओतली. तासाभरानं पाण्यात टेस्टचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन उतरला. लग्न मीच लावल्याच्या ऐटीत घरी गेलो.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी वऱ्हाड आमच्या आरोग्य केंद्रात. नवरदेवाच्या गावाहून, कळंबहून, टेंपो निघाला तो दर झुडपाला थांबत आला म्हणे. नवरदेवाला मुंडावळ्यांसकट सलाईन लावलं, असं मी सगळीकडे सांगतो. मुंडावळ्या माझ्या पदरच्या, सलाईन खरं. त्याचा बाप खाटेवरून गरजत होता, “शिळं घातलं आमाला! पोरगी परत न्या म्हनावं!” नवी नवरी मान खाली घालून सगळ्यांना ओआरएस पाजत होती.

आमच्या डॉक्टर मॅडमनी मला बाजूला घेतलं. “पाणी शुद्ध केलं होतंत ना?”

“पिवळंजर्द, मॅडम.”

“मग जाऊन शोधा. त्या मुलीला जन्मभर हेच ऐकावं लागेल.”

गेलो. वाडी ठणठणीत! तोच डाळभात, तीच बुंदी सगळ्यांनी खाल्लेली. म्हणजे जेवण निर्दोष सुटलं. राहिलं पाणी.

“दादा, लग्नात पाणी कुठलं प्यालात?”

“तुमचंच. औषधाचं. नाक दाबून.”

“आणि वऱ्हाड?”

दादाला रागच आला. “पावन्यांना वासाचं पानी देऊ व्हय? त्यांच्यासाठी बायांनी पहाटं डवऱ्याचं आनलं. गोड!”

डवरा म्हणजे ओढ्याच्या वाळूत खणलेला खड्डा. पाणी आरशासारखं; मी भांग पाडून घेतला. पण ओढा येतो वरच्या वाडीतून. तिथं संडास बांधलेत, नळ नाही. त्यामुळे संडासात सरपण ऐसपैस राहतं आणि माणसं ओढ्याकाठी बसतात. डवऱ्याच्या पाण्यात थेंब टाकले. रंग बदललाच नाही.

दादा सोबत होताच; तिथूनच त्याच्या व्याह्यांना, नवरदेवाच्या बापाला, स्पीकरवर फोन लावला. “जेवण चांगलं होतं, मामा. तुमचा मान ठेवायला वेगळं पाणी दिलं, ते बाधलं.”

पलीकडून खोकल्यासारखं हसू आलं. “मान देऊन झोपवलं की रं आमाला! बरं, पोरीला कोन काय बोलनार नाय. पन पुढच्या खेपंला मान नको, औषधाचंच द्या म्हनावं.”

पांडूदादानं डोळे पुसले. मला चेव आला. तिथंच भाषण ठोकलं. जंतू, साबण, उकळणं, काही सोडलं नाही. शेवटी बोट नाचवून म्हणालो, “पाहुणा असो, घरचा असो, यापुढं फक्त विहिरीचं पाणी!”

“विहीर कालच सपली, सायेब,” दादा म्हणाला. “सकाळपास्नं आमीबी डवऱ्याचंच पितो.”