बोटीआधीचा दिवस

फोन आला तेव्हा मी कुळथाची पिठी ढवळत होते. नागपूरहून सुनेचा फोन. सून म्हणायची सवय काही जात नाही. आमचा मुलगा गेला तेव्हा त्यांची लेक दोन वर्षांची होती. पुढे आम्हीच हट्ट धरून सुनेला दुसरं लग्न करायला लावलं, लग्नात तिच्या बाजूनं आम्हीच उभे राहिलो. म्हणजे खरं तर ती आता आमची लेक आणि तिचा नवरा आमचा जावई. पण फोन घेतला की माझ्या तोंडून ‘सूनबाई, बोल’ असंच निघतं, आणि तीही मला आईच म्हणते.

“आई, नाताळच्या सुट्टीत आम्ही क्रूझला जातोय,” ती म्हणाली. “मुंबईहून निघायचं, कोचीला उतरायचं आणि तिथूनच विमानानं घरी. बोटीच्या आदल्या दिवशी मुंबईत आहोत. बंदर जवळ म्हणून हॉटेल फोर्टात घेतलंय. तो दिवस पिल्लूला तुमच्याकडे ठेवू का? तिला मुंबई दाखवाल?”

ठेवू का म्हणे! पिठी बुडाला लागली. लागू दिली.

नात आता आठ वर्षांची आहे. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर दिसते, म्हणजे निम्मा वेळ तिचं कपाळ दिसतं आणि निम्मा वेळ त्यांचा पंखा. मला हवं होतं एवढंच, की मे महिन्याची सुट्टी तिनं आमच्याकडे काढावी. सगळी नाही, आठवडाभर. पण मागायचं कुठल्या तोंडानं? तिकडे तिला दुसरे आजी-आजोबा आहेत, जीव लावणारे आहेत. पोहण्याचा क्लास आहे, शिबिरं आहेत. आम्ही विचारलं आणि सून नुसत्या भिडेपोटी ‘बरं’ म्हणाली तर त्यात काय गंमत? आणि ‘नाही’ म्हणाली तर? त्या ‘नाही’ची मला इतकी धास्ती, की मी आजवर विचारलंच नव्हतं. परळच्या हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर माझी नोकरी झाली, भल्याभल्यांना ‘लायनीत या’ म्हणून दटावलं, आणि इथे माझीच दातखीळ बसलेली.

ह्यांचं तर विचारूच नका. आमटीत मीठ कमी असलं तरी मागणार नाहीत, तसेच जेवून उठतील. मी गिरगावची, हे मालवणकडचे, गिरणीत होते, ती बंद पडल्यावर एका छापखान्यात लागले. अख्ख्या आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही. ह्यांचं तोंड उघडायचं ते फक्त गणपतीत, गाऱ्हाणं घालताना. म्हणजे घरच्या कर्त्यानं देवासमोर उभं राहून, सगळ्यांदेखत, खड्या आवाजात साकडं घालायचं आणि प्रत्येक मागण्यामागे जमलेल्या सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून ओरडायचं. एकदा ‘व्हय’ म्हटलं की ते मागणं तुमचंही झालं. चाळीत ह्यांचं गाऱ्हाणं ऐकायला खालच्या मजल्यावरची माणसं वर येत. कुणाचं लग्न, कुणाची नोकरी, कुणाच्या पोटातला खडा, सगळं देवाच्या कानावर जायचं. मुलगा गेला आणि हे गप्प झाले. आता गणपतीत शेजारचे गाऱ्हाणं घालतात आणि हे भिंतीला टेकून उभे राहतात.

तर एका दिवसात मुंबई. जावयानं इंटरनेटवरून शोधून पाठवलं होतं: गेटवे, म्युझियम, घारापुरी. घारापुरी म्हणे! दुसऱ्या दिवशी पोर बोटीत बसणार, तर आदल्या दिवशी पुन्हा बोटीत कशाला? ते मी पहिल्यांदा उडवलं. हे म्हणाले, राणीच्या बागेत पेंग्विन बघायला नेऊ. मी म्हटलं, पेंग्विन काय मुंबईचे आहेत? ह्यावर आमचं दोन दिवस वाजलं.

मग ह्यांनी रंगीत तालीम काढली. दोघं बसनं फोर्टात गेलो. आयुष्य ह्या शहरात गेलं, पण त्या म्युझियमच्या घुमटाखाली मी लग्नानंतर पाय ठेवला नव्हता. हे पुढे छोटी छोटी पावलं टाकत चाललेले. गुडघा दुखतोय की काय म्हणून विचारलं, तर म्हणाले, “आठ वर्षांचा प्वार कसा चालात, ता बघतंय.” कुठे सावली आहे, कुठे बसायला बाक आहे, कुठलं स्वच्छतागृह बरं आहे, सगळं बघून घेतलं. चौपाटीवरची भेळ मात्र रद्द झाली, बोटीत पोट बिघडलं तर काय घ्या. गेटवेपाशी एक फोटोवाला मागेच लागला, “अंकल-आंटी, एक जोडीनं काढा!” लग्नातसुद्धा हे कॅमेऱ्याकडे बघून हसले नव्हते, तिथे हसले.

माझ्या मनात मात्र दुसरीच यादी होती. लालबागला आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर मुलाची शाळा आहे. तो जिथे क्रिकेट खेळायचा ते मैदान आहे, अर्धं उरलंय पण आहे. आणि शीवचा किल्ला. लग्नाआधी तो नि सून तिथे भेटायचे, घरी सांगायचा लायब्ररीत होतो. ह्यातलं एक तरी ठिकाण तिला दाखवावं असं मला वाटत होतं. घरी आल्यावर मी हळूच विषय काढला.

“तिका मुंबई दाखवची आसा,” हे म्हणाले. “आपला दुख न्हय.”

मला इतका राग आला, की रात्रीचं जेवण मी न बोलता वाढलं. पण बोलणं खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी मुलाच्या फोटोचा हार काढून ठेवला. पोरीला भीती वाटायला नको. हार काढल्यावर तो नुसता ऑफिसातून आल्यासारखा दिसायला लागला, आणि मला दिवसभर स्वयंपाकघरातून बाहेर यावंसं वाटेना.

ठरल्या दिवशी सकाळी हॉटेलच्या दारात ती उभी होती, समोरचे दोन दात अर्धे आलेले, केस आमच्या मुलासारखे उभे. “आजी!” म्हणाली आणि सरळ माझा हात धरला. एवढी तयारी केली होती, पण त्या हाताची केली नव्हती. मला रस्ता ओलांडायचंसुद्धा सुचेना.

“आजोबा, हे फोर्ट ना? मग फोर्ट कुठंय?”

“इंग्रजांनीच बांधल्यानी आणि इंग्रजांनीच पाडल्यानी,” हे म्हणाले. ह्यांची भाषा ऐकून ती खुदखुदली.

“एकपण किल्ला नाही ठेवला?”

“शीवेक आसा एक, लहानसो...” एवढं बोलले आणि माझ्याकडे बघून थांबले. आज वेळ नाही, असं मी घाईघाईनं म्हटलं.

गेटवेला आलो. कठड्याशी उभी राहून तिनं समुद्र बघितला आणि तिची बडबड एकदम बंद झाली. नागपूरच्या पोरीनं एवढं पाणी बघितलंय कुठे? लाँचा वरखाली होत होत्या. बऱ्याच वेळानं तिनं मला खाली वाकायला लावलं आणि कानात विचारलं, “आजी, बोट बुडते का गं?”

“एवढी मोठी बोट कशाला बुडेल?”

“बाबांना नको सांगू हं मी विचारलं. त्यांनी खूप आवडीनं तिकिटं काढलीयेत.”

म्युझियममध्ये दोन दालनं झाली आणि तिचे पाय दुखायला लागले. ह्यांनी हेरून ठेवलेल्या बाकावर आम्ही तिघं बसलो. पुढे जेवणाचं ठिकाण ठरलेलं होतं, त्यानंतर दुमजली बस, वरच्या मजल्यावर अगदी पुढची सीट. ती म्हणाली, “आता तुमच्या घरी जायचं?” आमच्या बेतात घर संध्याकाळी होतं, तेही तासभर, सून-जावई तिला न्यायला येतील तेवढ्यापुरतं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बाहेर येऊन टॅक्सीला हात केला.

चाळ पडली, तिथे टॉवर झाला, आम्हाला चौदाव्या मजल्यावर घर मिळालं. चाळीतल्या ज्या खोलीत नात रांगायला शिकली, ती खोली आता नाही. त्यामुळे तिला ओळखीचं वाटावं असं ह्या घरात काहीच नव्हतं, आणि लिफ्टमध्ये मला तेच टोचत होतं. ती आत आली, चपला काढल्या, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाली, “हे फोटोतले बाबा. आमच्याकडे पण हाच आहे. माझ्या अभ्यासाच्या टेबलावर.”

सुनेनं हे मला कधी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही तिला वाटली नसेल. मी आत गेले, नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

मग घावणे केले. नारळाच्या गोड रसात बुडवून तिनं चार खाल्ले, मासे केले नाहीत म्हणून आजोबांना चिडवून घेतलं, आणि ह्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपून गेली. हे तासभर हलले नाहीत. पायाला मुंग्या आल्या असणार, पण मीठ न मागणारा माणूस उशी कशी मागेल? मीच एक सरकवली. उठल्यावर ती खिडकीत गेली. आमच्याकडून इमारतींच्या फटीत समुद्राची एक पट्टी दिसते. “उद्या आमची बोट इथून दिसेल?” तिनं विचारलं. नाही दिसणार, म्हटलं, ती कुलाब्याकडून वळून जाते.

संध्याकाळी सून-जावई आले. चहा झाला. जावई उत्साहानं बोटीवरच्या तरणतलावाबद्दल सांगत होता आणि नात त्याला टेकून नुसती मान हलवत होती. माझ्या जिभेच्या टोकावर मे महिना होता. मी दोनदा सुरुवात केली आणि दोनदा ‘अजून चहा?’ असंच विचारलं. सुनेनं पर्स खांद्याला लावली. संपलाच दिवस.

तेवढ्यात नात ह्यांच्यापाशी जाऊन उभी राहिली.

“आजोबा, आई म्हणते तुम्ही देवाला ओरडून सांगता आणि मग देवाला ऐकावंच लागतं. आमच्या बोटीचं सांगाल?”

ह्यांनी आधी तिच्याकडे, मग सुनेकडे बघितलं. सुनेनं मान खाली घातली. हे उठून स्वयंपाकघरात गेले. नाही म्हणून उठले असंच मला वाटलं. पण परत आले ते हातात नारळ घेऊन. देवासमोर ठेवला, टोपी घातली, मागून काय ओरडायचं ते नातीच्या कानात सांगितलं आणि हात जोडले.

“बा देवा म्हाराजा!”

एवढ्या वर्षांनी तो आवाज. मला आणि सुनेला काही सुचायच्या आत, तिथल्या तिथे शिकवलेलं पोर ओरडलं, “व्हय म्हाराजा!”

“आज ह्या आमचा चेडू तुझ्या पायाकडे उभा आसा. उद्या ता दर्यार जातला, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आता जावईही. त्याला त्यातलं किती कळत होतं देव जाणे, पण हौशी माणूस, नागपुरी ठसक्यात दणकून ओरडला.

“त्येच्या बोटीक वारो-वादळ लागाक देव नको. त्येका, त्येच्या आवशीक आणि बापाशीक सुखरूप पैलतडीक लाव, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

गाऱ्हाणं इथे संपायला हवं होतं. सुनेनं पर्स पुन्हा उचलली. पण ह्यांचे हात जोडलेलेच होते.

“आमचो एकुलतो झील तू न्हेलंस, म्हाराजा. त्येचो जाब मी तुका आजपर्यंत इचारूक नाय.”

मुलगा गेल्यापासून ‘झील’ हा शब्द मी ह्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. कुणीच ‘व्हय’ म्हटलं नाही. जावयालाही ते कळलं असावं, त्यानं लेकीच्या खांद्यावर हात ठेवला.

“आता एकच मागतंय. येत्या मे म्हयन्यात ह्या चेडवाक ह्या घराक घेवन ये रे, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” पोर ओरडली. एकटीच. तिला काय, आजोबांचा आवाज चढला की ती ओरडत होती. जावई सुनेकडे बघत राहिला. मी ओठ उघडले, पण आवाज फुटेना. हे देवाकडे तोंड करून तसेच उभे. सुनेनं आमच्याबरोबर चाळीत कितीतरी गणपती काढले होते. ‘व्हय’ म्हणणं म्हणजे काय, ते तिला कुणी सांगायला नको होतं.

“व्हय म्हाराजा,” ती म्हणाली. हळू म्हणाली, पण पुरतं म्हणाली.

मग ह्यांनी नारळ फोडला. पाणी पहिल्यांदा नातीला दिलं. अर्धं भकल मी त्यांच्या पिशवीत कोंबलं, अर्धं ठेवून घेतलं. जाताना सून माझ्या गळ्यात पडली आणि जावई वाकून पाया पडला.

लिफ्टचं दार लागायच्या आत नातीनं मध्ये हात घातला.

“आजी, मेमध्ये तो शीवचा किल्ला दाखवशील? लहानसो?”

माझा आवाज तेव्हा कुठे फुटला.

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं.