साडूभाऊंचा अवचितगड

आमच्या साडूभाऊंनी मला आजवर जेवढे धक्के दिले आहेत तेवढे उघड्या विजेच्या तारेनेसुद्धा कुणाला दिले नसतील. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. ते राहतात रोह्याला, आम्ही पेणला. मध्ये वडखळ आणि नागोठणे आहे म्हणून आमचे संबंध इतके चांगले राहिलेत असं मी म्हणतो, आणि बायकोला ते अजिबात आवडत नाही. मी गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करतो. वर्षभर मूर्तींचे डोळे उघडायचं काम असल्यामुळे माझे स्वतःचे सहसा विस्फारत नाहीत. पण साडूभाऊंच्या घरी पहिल्या चहालाच ते विस्फारतात, आणि परतीच्या एसटीत बसेपर्यंत जागेवर येत नाहीत. "निदान तोंड तरी मिटा," असं बायको मला दर भेटीत दोनदा तरी सांगते.

साडूभाऊ नागोठण्याजवळच्या एका मोठ्या कंपनीत सेफ्टीला होते. उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांना "हेल्मेट कुठंय?" असं विचारण्यात घालवला. मग ते निवृत्त झाले, पण सेफ्टी काही झाली नाही. घरात गॅस पेटवायच्या आधी ताईंनी "पेटवते हं" असं मोठ्याने म्हणायचं आणि यांनी बाहेरून "पेटव" म्हटल्यावरच काडी ओढायची. त्यांच्या इमारतीचा जिना कठडा धरल्याशिवाय चढायचा नाही. एकदा माझ्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या, तर या गृहस्थाने मला एक पिशवी खाली ठेवायला लावून तीन मजले दोनदा चढवले. माझ्या पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आत हे उठले आणि हॉलचे दरवाजे कुठे कुठे आहेत ते सगळ्या वऱ्हाडाला हात करून दाखवले. नवरामुलगा मुंडावळ्या सावरत दरवाजांकडे बघायला लागला. मी लाजेने अर्धा झालो होतो, पण हे शांतपणे माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "आपल्या लग्नात 'सावधान' ही एकच सेफ्टीची सूचना हाय. ती बी कोण ऐकत नाय."

अशा माणसाकडे आमच्या ताईंनी एक साधी गोष्ट मागितली. ताई वडखळच्या अलीकडच्या खाडीकाठच्या गावातल्या. मिठागराच्या बांधावर वाढल्या, त्यामुळे लग्न होईपर्यंत त्यांनी पाहिलेली सगळ्यात उंच वस्तू म्हणजे मिठाची रास. रोह्याला आल्यापासून स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांना रोज अवचितगड दिसायचा. साडूभाऊ निवृत्त झाले त्या संध्याकाळी, गळ्यातला हार अजून खुंटीवर ओला असताना, ताई त्यांना आमच्यादेखत म्हणाल्या, "आता कंपनी सुटली तुमची. मला एकदा गडावर न्या. वरून कुंडलिका कशी दिसते ती बघायची हाय. गुडघे हायत तवर."

आता अवचितगड म्हणजे काही हिमालय नव्हे. दर रविवारी कॉलेजची पोरं तिथे जातात, पायात स्लीपर आणि कानात गाणी घालून. सकाळी चढायचं, टाक्याकाठी डबा खायचा, फोटो काढायचे आणि दुपारच्या आत पायथ्याच्या मेढ्याला उतरून चहा प्यायचा. दुसऱ्या कुणी भाकऱ्या बांधल्या असत्या आणि निघाला असता. साडूभाऊंनी मीटिंग बोलावली.

त्या मीटिंगसाठी आम्ही पेणहून गेलो, आणि नंतरच्या दहा मीटिंगांनाही गेलो. गडावर जायला लागला नसता एवढा वेळ मी वडखळच्या नाक्यावर गाडीत बसून काढला आहे. पहिल्या मीटिंगला त्यांनी जमिनीवर एक तक्ता पसरला. त्यात रकाने होते: धोका, उपाय, जबाबदार व्यक्ती. धोक्यांत मधमाश्या होत्या, निसरडं गवत होतं, सेल्फी काढणारी माणसं होती. माकडांपुढे जबाबदार व्यक्ती म्हणून माझं नाव होतं. तिसऱ्या मीटिंगला मॉक ड्रिल झालं. जखमी माणसाला गडावरून कसं उतरवायचं त्याचा सराव इमारतीच्या जिन्यावर करायचा होता, आणि सगळ्यांत हलका म्हणून जखमी मी. मला चादरीत घालून दोघा शेजाऱ्यांनी आडवा खाली आणला. समोरच्या फ्लॅटमधल्या चाची, ज्यांचे दोन्ही मुलगे कुवेतला आहेत, त्या नेमक्या दार उघडून बाहेर आल्या. "या अल्ला, पेनचे पाव्हने गेले?" म्हणून त्यांनी हंबरडाच फोडला. मी चादरीतून डोकं वर काढून "नाही, नाही" म्हणालो, तेव्हा त्यांना चक्कर आली. साडूभाऊंना मात्र आनंद झाला, कारण खरा जखमी मिळाला.

एवढं करून तारीख काही ठरत नव्हती. एका वर्षी गवत पुरतं वाळलं नव्हतं म्हणून घसरायची भीती, दुसऱ्या वर्षी ते फार वाळलं म्हणून वणव्याची. खरेदी मात्र पहिल्या वर्षभरातच झाली. ताईंना दातेरी तळव्यांचे बूट आले आणि ते सवयीसाठी बाजारात घालून जायचा हुकूम निघाला. साडीखाली ते बूट आणि मंगळसूत्राशेजारी शिट्टी अशा अवतारात ताई भाजी आणायच्या. मग एक दुर्बीण आली. शेवटी गच्चीभर पसरेल अशी पिवळीधमक ताडपत्री आली. ही कशाला, असं मी विचारलं. "जमायची जागा," साडूभाऊ म्हणाले. "कंपनीत पैला नियम हाय. मानूस कुठं जातं ते सोडा, परत येऊन कुठं उभं ऱ्हायचं ते आधी ठरवा." गडावर कुणी गेलंच नव्हतं, तरी परत यायची जागा तयार झाली होती.

एकदा मी आगाऊ न कळवता मंगळवारी त्यांच्याकडे गेलो. ताई घरी नव्हत्या. रानभाज्या विकायला येणारी जानकी म्हणून एक कातकरीण आहे, तिच्यासोबत मेढ्याला देवाला गेल्या होत्या. गच्चीवर गेलो तर उन्हात पिवळी ताडपत्री पसरलेली, तिच्या मधोमध साडूभाऊ, डोक्यावर कंपनीचं जुनं पिवळं हेल्मेट आणि डोळ्यांना दुर्बीण. "ड्रिल चालू हाय, बोलू नका," ते म्हणाले. मी चारी बाजूंना बघितलं. ड्रिल कुठेच चालू नव्हतं. तासभर बसून मी परत आलो आणि बायकोला सांगितलं की भावोजींचं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही. ती त्या दिवशी धड जेवलीसुद्धा नाही.

मग गेल्या वर्षीची दहावी मीटिंग झाली. तीत तारीख पुढे गेलीच, पण उठताना ताईंनी भिंतीचा आधार घेतला तो आम्ही दोघांनीही पाहिला. येताना बायको खिडकीकडे तोंड करून रडत होती. "ह्यांच्या तक्त्यापायी माझी ताई गड न बघताच म्हातारी होणार," ती म्हणाली. मला असा संताप आला की काय सांगू. ठरवलं की या माणसाला बाजूला ठेवायचं आणि ताईंना आपणच न्यायचं. आधी वाट एकट्याने बघून यावी म्हणून पुढच्या मंगळवारी मी सकाळच्या गाडीने गुपचूप रोह्याला उतरलो आणि मेढ्याकडून गड चढायला लागलो. तीनदा बसलो, चारदा सिगरेट सोडायची शपथ घेतली आणि एकदाचा माथ्यावर पोचलो.

कड्यावर दोन बायका भाकरी खात बसल्या होत्या. एक जानकी. दुसरीच्या पायात दातेरी बूट होते आणि गळ्यात शिट्टी.

मी जो उभा राहिलो तो उभाच. "ताई!" एवढाच शब्द निघाला.

"अगो बाय, भावोजी!" ताईंनी तोंडातला घास गिळला. "बसा. आधी पानी प्या."

मी पाणी प्यायलो. ताई दर हिवाळ्यात एकदा येत होत्या. हे त्यांचं सहावं वर्ष. म्हणजे पहिल्या मीटिंगनंतर महिन्याभरातच त्या जाऊन आल्या होत्या, आणि मग पुढच्या नऊ मीटिंगांना मुकाट्याने बसून आम्हाला पोह्याचे पापड तळून घालत होत्या!

"अहो, मग त्यांना सांगायचं ना," मी म्हणालो.

"कसं सांगू? त्यांना उंचीचं भ्याव हाय." ताई हसल्या. "लगीन झाल्यावर जत्रंत पाळन्यात बसलो. वर गेल्यावर यांनी माझा हात धरला तो घरी येईस्तवर सोडला नाय. मला वाटलं, काय पिरेम हाय! दुसऱ्या वर्षी कळलं, भ्याव हाय म्हनून."

खाली कुंडलिका वळणं घेत खाडीकडे गेली होती, उन्हात चकाकत होती. खोटं कशाला सांगू, मी क्षणभर साडूभाऊंना विसरलो. "काय नदी आहे हो ताई," मी म्हणालो. "यासाठी दर वर्षी येता होय!"

"नदी काय, ती पुलावरून बी दिसते. पैल्या वर्षी बघून झाली." ताईंनी बोट दाखवलं. "ते बघा. त्या पांढऱ्या टाकीच्या शेजारी."

घरांच्या गर्दीत तिळाएवढा एक पिवळा ठिपका होता.

"दुसऱ्या वर्षापासून तो दिसाया लागला. मी इथं पोचले की तिथं असतो. मी घरी गेले की घडी घालून माळ्यावर. आता तोच बघाया येते." मग त्या हळूच म्हणाल्या, "त्यांना बोलू नका हं. मला ठाऊक हाय हे त्यांना ठाऊक नाय."

"चल गो बाय, ऊन चढलं," जानकी म्हणाली. मी त्यांच्या आधी उतरलो, जवळजवळ धावतच, आणि मिळेल त्या रिक्षाने साडूभाऊंची गच्ची गाठली. त्यांनी डोळ्यांवरची दुर्बीण काढलीसुद्धा नाही.

"गुडघा धरत होती का?" त्यांनी विचारलं.

"कोण?" मी म्हणालो.

"वरती आज दोन बाया आणि एक हिरवा शर्ट होता. तुमचा शर्ट हिरवा हाय."

माझं तोंड पुन्हा उघडलं. साडूभाऊ म्हणाले, "पैल्या वर्षी साडी वाळत घालताना काठाला गवताची कुसळं दिसली. मेढ्याच्या देवळात कुसळं कुठनं आली? मग बूट घेतले. मग शिट्टी घेतली." त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली. तिच्यावर फक्त ताईंचं नाव होतं आणि निघाल्याची वेळ. "कंपनीत मी कधी टॉवरवर चढलो नाय. खाली उभा ऱ्हायचो. वर जानाऱ्याचं नाव लिवायचं, उतरला की खोडायचं. सगळी नावं खोडली की मग चहा. तेवढंच मला जमतं." पुन्हा दुर्बीण डोळ्यांना लावत म्हणाले, "तिला बोलू नका. मला ठाऊक हाय हे तिला ठाऊक नाय."

खाली फाटक वाजलं. साडूभाऊंनी नाव खोडलं, ताडपत्रीची घडी घातली आणि खाली जाऊन ताईंना विचारलं, "देव काय म्हनतो?"

"बरा हाय," ताई म्हणाल्या, आणि चहाला आधण ठेवायला आत गेल्या. "पेटवते हं!" "पेटव!" मी पेणला परतलो. बायकोला सगळं सांगितलं तेव्हा तिचंच तोंड उघडं राहिलं, आणि ते मिटा म्हणायचं मलाही सुचलं नाही.

यंदा अकरावी मीटिंग झाली. पापड झाले, तक्ता पसरला आणि ताई म्हणाल्या, "आता गड ऱ्हाऊ द्या. डॉक्टरांनी चढ बंद केलाय." माकडांपुढचं माझं नाव साडूभाऊंनी पेन्सिलीने खोडलं आणि तक्ता गुंडाळला. सहा वर्षं मी ज्या तक्त्याला शिव्या घातल्या तो गुंडाळताना बघून मला भडभडून आलं.

पंधरा दिवसांनी, मंगळवारी सकाळी ताईंचा फोन आला. "दोघं बी या," एवढंच बोलल्या. आम्ही कुणाच्या जिवाचं काही बरंवाईट झालं असं समजून धावलो. गच्चीवर ताडपत्री पसरलेली होती. तिच्यावर ताई खुर्ची टाकून बसल्या होत्या, दुर्बीण डोळ्यांना.

"भावोजी कुठंयत?" बायकोने विचारलं.

"मेढ्याला देवाला गेलेत. जानकीसोबत." ताईंनी दुर्बीण काढली नाही. "बसा. ड्रिल चालू हाय, बोलू नका."

त्यांच्या मांडीवर एक चिठ्ठी होती. आम्ही बसलो. बऱ्याच वेळाने ताईंनी दुर्बीण माझ्याकडे दिली. गडाच्या अर्ध्या उंचीवर, वाट उघड्यावर येते तिथे एक पिवळा ठिपका होता. तो हलत नव्हता. ताईंचा हात माझ्या बायकोच्या हातात होता आणि तिघंही आम्ही आळीपाळीने दुर्बिणीतून त्या ठिपक्याकडे बघत होतो. तो तसाच बसून राहिला, अर्धा तास तरी. तिथून वर काही गेला नाही. मग सावकाश, अगदी सावकाश, तो खाली सरकायला लागला.

साडूभाऊ जिना चढून गच्चीवर आले तेव्हा हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली करकचून आवळलेला होता. ते सरळ ताडपत्रीच्या मधोमध येऊन उभे राहिले.

"देव काय म्हनतो?" ताईंनी विचारलं.

"बरा हाय," साडूभाऊ म्हणाले. "तुझी गच्ची तिथनं दिसते म्हनाला."

ताईंनी चिठ्ठीवरचं नाव खोडलं. चहाला उठतील असं मला वाटलं, पण त्या दुखरा गुडघा धरून खाली ताडपत्रीवर बसल्या आणि साडूभाऊंच्या पँटला लागलेली कुसळं एक एक करून काढू लागल्या.