बागेतले मौनीबाबा

हसायचं असंल तर आधी कप खाली ठेवा, नाय तर चहा साडीवर सांडंल आणि नाव माझं घ्याल. एका शहाण्या बाईनं भर बागेत बाबा उभा केला, त्याचा हा किस्सा. बाई म्हणजे मीच.

माझ्या लेकीचा, पल्लवीचा पोरगा अर्णव सात वर्षांचा. बोलणं कमी, पण समज लई. फक्त गोंगाट त्याला सोसत नाय. कुणी मोठ्यानं ओरडलं की दोन्ही कानांवर हात अन् जमिनीवर बसकण. शहरातली एक बाग आम्ही सोडली नाय, आणि एकाही बागेत त्याचा धड झोका खेळून झाला नाय. लोक टक लावून बघायचे, पल्लवी रडत घरी यायची.

मग ही नवी बाग झाली, सगळ्या लेकरांसाठी. चाकाच्या खुर्चीसकट बसता येईल असा झोका, हातानं चाचपायच्या भिंती, कर्णकर्कश काहीच नाय. पल्लवी म्हणाली, "आई, ही शेवटची. इथं पण नाय जमलं तर मी त्याला पुन्हा बागेत नेणार नाय." तिनं ठरवूनच टाकलं होतं.

म्हणून मी आधी एकटीच गेले. शाळा सुटली की पल्लवी त्याला घेऊन येणार, तोवर आपण बघून ठेवू गर्दी कुठं, सावली कुठं. शहाणपणा मला जरा जास्तच.

कोपऱ्यात लिंबाच्या झाडाखाली एक गोल, पांढरी खोली. दार इतकं बुटकं की वाकल्याशिवाय आत शिरता येत नाय. दाराबाहेर चपलांसाठी जागा. आत मंद निळा उजेड, मधोमध गादी, लोड, सगळं बैजवार. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडं लिंबाखाली अशी खोली असली तर आत कोण असतं? दारावर पाटी होती, नाय असं नाय. पण आपण सोयगावची, खेड्यातली माणसं. अशा दारात पाटी वाचत बसत नाय, चपला काढतो.

मी चपला काढल्या, वाकून आत गेले, गादीला डोकं टेकवलं. "महाराज, माझ्या लेकराला एक झोका खेळू द्या," म्हणलं. पर्समधल्या पुडीतलं हळद-कुंकू गादीपुढं वाहिलं, गजऱ्यातली फुलं ठेवली. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

बाहेर आले तर एक बाई उभ्या, नातीला घेऊन आलेल्या. "काकू, कुणाचं स्थान आहे हे?"

'मला माहीत नाय' एवढं म्हणायला माझं काय जात होतं? पण आत लई शांत वाटलं होतं ना, तोंडातून निघून गेलं, "मौनीबाबांचं. लई जागृत."

झालं. बाईंनी चपला काढल्या. मागून आणखी दोघी. छावणी भागातल्या एक खाला, म्हणजे मुसलमान मावशी, नातवाची चाकाची खुर्ची ढकलत आल्या.

"कौन बुजुर्ग हैं जी ये?"

"मौनीबाबा. किसीसे बोलते नहीं."

"फिर तो सबकी सुनते होंगे," म्हणत त्यांनी डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि रांगेत उभ्या राहिल्या.

मी सांगितलं त्यात प्रत्येकीनं थोडी भर घातली. बघता बघता बाबा नवसाला पावायला लागले, आणि एक जण मलाच सांगत होती की ते आधी अजिंठ्याच्या डोंगरात बसायचे. मी पण "व्हय का?" म्हणून हात जोडले.

तेवढ्यात त्या पहिल्या बाई म्हणाल्या, "आरती तर झाली पाहिजे." त्या थेट भजनी मंडळातून आलेल्या, पिशवीतून टाळच काढले.

नेमकी तेव्हाच फाटकातून पल्लवी आली. अर्णवचे हात आधीच कानांवर, रस्त्यात कुठंतरी हॉर्न वाजला असणार. "आई, ती शांत खोली कुठंय? घाबरलेल्या लेकरांसाठी केलीय बघ, आत निळा उजेड असतो."

मी मागं वळून बघितलं. खोलीच्या दाराशी ही रांग, पुढं टाळ उचललेली बाई. एक टाळ वाजला असता तर अर्णवनं तिथंच बसकण मारली असती, आणि पल्लवी आल्या पावली मागं फिरली असती.

खरं सांगायला वेळ नव्हता. मी हात वर केला. "थांबा. मौनीबाबांना आवाज चालत नाय. टाळ नाय, आरती नाय, बोलणं पण नाय. अन् आत फक्त लेकरांनीच जायचं."

"मग तुम्ही कशा गेलात?"

"म्हणून तर आत जाऊन माफी मागून आले."

टाळ पिशवीत गेले. रांग बाजूला सरकली. सगळीकडं चिडीचूप. अर्णव वाकून आत शिरला आणि गादीवर आडवा झाला. कुणी त्याच्याकडं बघत बसलं नाय, कारण सगळ्यांनी डोळे मिटून हात जोडले होते.

बऱ्याच वेळानं तो बाहेर आला. कानांवर हात नव्हते. आपला आपण चालत झोक्यापाशी गेला आणि बसला. पल्लवीनं हळूच झोका दिला, मग आणखी एक. अन् पोरगं हसलं, चांगलं खळखळून. पल्लवी तोंडाला ओढणी लावून रडायला लागली. तिला म्हणलं, रड बाई, आज पोटभर रड.

आणि मी? मला कुठलं राहवतंय. दोन्ही हात वर करून किंचाळले, "हसला गं पल्लवी! माझा राजा हसला!"

अर्णवचे हात कानांवर गेले, पण तो झोक्यावरून उठला नाय. अख्खी रांग मात्र गर्रकन वळली. टाळवाल्या बाईंनी माझं मनगट धरलं, फाटकापर्यंत नेलं आणि कानात म्हणाल्या, "काकू, तुम्ही बाहेरच थांबा. बाबांना चालत नाय."

नंतर पल्लवीनं सगळ्यांना खरं काय ते सांगून टाकलं. बायका पोट धरधरून हसल्या, पण हळू आवाजात. बाबा गेले, नियम तेवढा राहिला. अर्णव आता रोज झोका खेळतो, आणि मी फाटकाबाहेर उभी राहून जाळीतून बघते. माझ्या तोंडाचा भरवसा अजून कुणाला नाय.